पाण्याखालचा तट

प्रवासाची दैनंदिनी – लेखांक पहिला : मालवण

बुधवार, शिरूर ते तारकर्ली

शिरूरहून कोकणात जायचं म्हटलं की गाडीचं तोंड आपोआप पुण्याकडे वळतं. आम्ही न्हावरे, चौफुला, सुपे, मोरगाव, नीरा, लोणंद असा आडमार्ग धरला आणि साताऱ्याला महामार्गाला लागलो. दौंडची मंडळी चौफुल्याला चढणार होती, हे एक कारण. पुण्याच्या गर्दीत सकाळ नासवायची नव्हती, हे दुसरं. मोरयाला गाडीतूनच हात जोडले.

मंडळी अशी: रेल्वेतून मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले दौंडचे काका, त्यांची सून, रांजणगावच्या कारखान्यात पाळ्या करणारे दोन तरुण, न्हावऱ्याचा माझा ऊसवाला मित्र आणि मी. समुद्र सगळ्यांनी पाहिलेला, पण गुडघ्याच्या वर कुणीच गेलेलं नाही. कयाक चालवत सिंधुदुर्गाला जायचं ही कल्पना सुनेची. काकांनी ती ऐकली आणि फक्त इतकंच विचारलं, "परतीचं आरक्षण आहे ना?"

कोल्हापूर सोडलं, राधानगरी गेली, दाजीपूरचं जंगल मागे पडलं आणि फोंडा घाट उतरताना उसवाल्याने एक गोष्ट बोलून दाखवली. भीमा उगम पावते भीमाशंकरला. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत. तरी ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते, घोडनदी, मुळा-मुठा सगळ्यांना पोटात घेते, उजनीत थांबते, कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरात जाते. आपल्या दोन्ही तालुक्यांचा एक थेंबही मालवणच्या दर्यात पोचत नाही. "म्हणजे आपण पाण्याच्या उलट चाललोय," तो म्हणाला. घाट संपला तेव्हा ओढे पश्चिमेला धावत होते.

गुरुवार, कर्ली खाडी

आज शिकवणी. तारकर्ली ही एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी अशी चिंचोळी जमीन आहे. नवशिक्यांना आधी खाडीत उतरवतात. आमचा वाटाड्या तिशीतला, रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरातला. त्याने आधी लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. शेतकरी मित्राने पोटाचा पट्टा हळूच सैल केला होता, तो त्याने न बोलता पुन्हा आवळला. २०२२च्या मे महिन्यात याच तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. तो विषय त्याने काढला नाही, पण पट्टे दोनदा तपासले.

आम्ही सगळे विहिरीत पोहायला शिकलेलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि चुलत्याने वरून ढकलायचं, ही आमच्याकडची पद्धत. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते आणि चार हातांवर कुठेतरी कपार असते. इथे पाणी सतत कुठेतरी निघालेलं. खारट पाणी माणसाला जास्त उचलून धरतं हे पुस्तकात वाचलेलं; अंगाला कळलं ते आज.

कयाक प्लास्टिकची, दोघांची, वर बसायची. पोटात शिरून बसायच्या कयाकही असतात, पण नवख्यांना हीच बरी: उलटली तर माणूस अडकत नाही, सुटा होऊन पाण्यात पडतो आणि पुन्हा चढतो. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. पुढचा ताल धरतो, मागचा दिशा सांभाळतो. काकांना विचारण्याआधीच ते मागच्या जागेवर जाऊन बसले. जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात गेला, पुढे बसायची सवय नाही म्हणाले. पहिला अर्धा तास आम्ही दंडांनी वल्हवलं आणि दंड भरून आले. "काकानू, वल्हा घट्ट धरू नकात," वाटाड्या मागून ओरडत होता. जोर कमरेतून यायला हवा, खांद्यातून नव्हे. ऊस तोडणाऱ्याला हे पटकन कळलं, रांजणगावच्या पोरांना उशिरा.

दुपारी झाडाखाली बसून त्याने भरतीचं गणित सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. आज दशमी, म्हणजे साडेसात. रोज साधारण पाऊण तास पुढे. घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून चालणारं हे गणित नाही, पण होडी बाहेर काढायला पुरतं. ओहोटीला ते इथे सुकती म्हणतात. आणि वारा: पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई, दुपारी उलटा फिरून अंगावर येणारा खारा. म्हणून कयाक सकाळी बाहेर काढायची आणि खारा वारा उठायच्या आत परतायचं. काकांनी दोन्ही वेळा डायरीत उतरवून घेतल्या. वेळापत्रक दिसलं की या माणसाचा जीव थाऱ्यावर येतो.

शुक्रवार, सिंधुदुर्ग

एकादशी. भरती सव्वाआठला. सुनेचा उपवास, म्हणून भगर खाऊन. बाकीचे घावणे खाऊन. दांडीच्या किनाऱ्यावरून उतरलो. सोबत इंजिनाची एक होडी.

या किल्ल्याला आजवर मी पर्यटकांच्या बोटीतून आलो होतो. धक्क्यावर रांग, काही मिनिटांचा प्रवास, महाद्वार, शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, शिवराजेश्वराचं मंदिर, परत. किल्ला तेव्हा दगडी भिंत म्हणूनच दिसला होता. आज डोळे पाण्यापासून जेमतेम दोन हातांवर होते आणि पहिल्यांदा किल्ला कशावर उभा आहे ते दिसलं.

मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. गणपती, सूर्य, चंद्र कोरलेला. तिथे पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ ला कामाचा मुहूर्त झाला. कुरटे बेट निवडलं गेलं ते उगाच नाही. बेटाच्या सभोवार खडक आहेत: काही वर आलेले, काही भरतीत बुडणारे, आणि सगळ्यात वाईट ते, जे कधीच वर येत नाहीत. आमच्या कयाकला तरंगायला वीतभर पाणी लागतं, तरी वाटाड्याने आम्हाला सरळ जाऊ दिलं नाही. एक वळसा डावीकडे, मग थांबा, लाट जाऊ द्या, आता उजवीकडे. पाणी जिथे उगीच पांढरं होतं तिथे खाली दगड. दोनदा कयाकचं पोट खडकाला घासलं आणि त्या आवाजाने माझ्या पोटात गोळा आला. शेकडो टन वजनाचं, तोफा लादलेलं, वाट माहीत नसलेलं जहाज इथे आणणाऱ्या कप्तानाची कल्पना करा.

आधी पद्मगड लागला. किल्ला आणि किनारा यांच्या मधलं हे छोटं बेट. ओहोटीला दांडीकडून चालत जाता येतं. इथे जहाजं बांधली जात असं स्थानिक सांगतात. उत्तरेला राजकोट, त्यापलीकडे कोळंब खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. सिंधुदुर्ग एकटा नाही, हे नकाशात दिसतं. पण वल्हवताना कळतं की यातला कुठला तरी एक सतत तुमच्याकडे बघत असतो. राजकोटवर महाराजांचा पुतळा दिसला. आधीचा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, त्या जागी हा नवा. साडेतीनशे वर्षांचा तट समोर उभा असताना त्यावर आणखी काही बोलायची गरज कुणाला वाटली नाही.

महाद्वार ईशान्येला, मालवणकडे तोंड करून. पण समोर जाऊनही दिसत नाही. बुरुजांच्या वळणात ते असं दडवलंय की अगदी जवळ गेल्यावर, आणि तेही बाजूने, दार उघडं पडतं. मी तटाला हात लावला. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय म्हणतात. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं आणि १६६७ च्या सुमारास पुरं झालं. तटाचा घेर साधारण तीन किलोमीटर. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवनेरी आम्हाला जवळचा, तिथे डोंगरावर टाकी खोदून पाणी साठवलं. इथे भर समुद्रात गोडं पाणी लागलं. २०२५च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हे दोन्ही आहेत.

पश्चिमेच्या बाजूला, उघड्या समुद्राकडे, आम्ही थोडंच गेलो. तिथे लाट तटावर आपटून उलटी येते आणि येणाऱ्या लाटेला भिडते. दोन कयाक गरगरल्या. तिथेच तटाला एक चिमुकली पुळण आहे, तिला राणीची वेळा म्हणतात. ताराराणी तिथे स्नानाला येत असं सांगतात. आम्ही ती लांबून पाहिली आणि मुकाट्याने वळलो.

परतताना रांजणगावच्या एका पोराने रास्त प्रश्न विचारला: एवढं होतं तर मग इंग्रजांनी घेतला कसा? १७६५ मध्ये त्यांनी तो घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नावही ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी करवीरकरांना परत दिला. माझं मत असं की खडक जहाजाला अडवतात, लांबून येणाऱ्या गोळ्याला नाही. आणि आतल्या माणसांत दम नसेल तर कुठलाच तट पुरत नाही. काका म्हणाले, "सिग्नल कितीही चांगला असू दे, केबिनमध्ये माणूस जागा पाहिजे."

शनिवार, पाण्याखाली

काल ज्या खडकांनी घाबरवलं, त्यांच्यातच आज डोकं घालायचं. द्वादशी, भरती नऊला. होडीतून किल्ल्याजवळ गेलो. खोली दीड-दोन परस. विहिरीच्या मापाने मोजलं की समुद्रही जरा आवाक्यातला वाटतो.

मुखवट्याच्या काचेला आतून थुंकी चोळायची म्हणजे वाफ धरत नाही. नाक बंद, तोंडात नळी, तोंडाने श्वास. सगळ्यात अवघड काय तर नाकाने श्वास घ्यायचं विसरणं. ऊसवाला दोनदा ठसकला, तिसऱ्यांदा आत तोंड घातलं आणि मग बाहेर काढेना. वाटाड्या ओरडला, "घाबरा नकात, हंय पाणी थोडाच आसा!" तो घाबरला नव्हता. खाली पिवळसर अंगावर काळे पट्टे ओढलेल्या माशांचा थवा त्याच्या हाताखालून चालला होता.

जाहिरातीत प्रवाळ गुलाबी, निळं, जांभळं असतं. इथलं बहुतेक तपकिरी, हिरवट, गोल गोल. नांगरलेल्या रानात उरलेल्या ढेकळांसारखं. पहिल्या मिनिटाला निराशा होते. मग डोळा सरावतो आणि ढेकळाच्या अंगावरची नक्षी दिसू लागते, तिच्या फटीतून काट्यांचा काळा गोळा, पोपटासारख्या चोचीने खडक खरवडणारा मासा, शेवाळाच्या झुलत्या पट्ट्या. प्रवाळ हा दगड नव्हे, हजारो बारीक जीवांची वस्ती आहे. त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना रंग आणि अन्न देतं. पाणी फार तापलं की ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. असे पांढरे चट्टे आम्हालाही दिसले.

आता मुद्द्याचं. हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ मध्ये ते जाहीर झालं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि सिंधुदुर्ग आणि पद्मगडाभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात. मासेमारीवर गदा येईल म्हणून मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि त्यांची बाजू ऐकून घेण्यासारखी आहे: रापण ओढणाऱ्याला बंदी आणि पर्यटकाला मोकळं रान, हा कुठला न्याय? प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जेवढं संरक्षण, तेवढंच त्याला. आणि शेजारच्या होडीतली माणसं त्याच वाघाच्या पाठीवर उभी राहून फोटो काढत होती. एकाने बिस्किटाचा पुडा फोडून पाण्यात टाकला, मासे झुंबडीने आले, टाळ्या पडल्या. बिस्किटांना सोकावलेले मासे खडकावरचं शेवाळ खायचं सोडतात, शेवाळ प्रवाळावर चढतं आणि प्रवाळ गुदमरतं. आमच्या वाटाड्याने बिस्किटं आणली नव्हती. विचारलं तर म्हणाला, "मासे दाखवूक बिस्किटा लागली, तर मी कित्याक व्हयो?"

महाराजांच्या काळात या खडकांनी किल्ला राखला. शत्रूच्या जहाजाचं पोट फाडणारा हा तट कुणी बांधला नाही, निवडला. आज तोच खडक प्रवाळ आणि मासे राखतो, आणि त्या माशांवर मालवणची चूल पेटते. वरच्या भिंतीच्या डागडुजीला पैसे मिळतात. खालच्या तटावर आपण पाय देऊन उभे राहतो.

रविवार, देवबाग

कर्ली जिथे समुद्राला मिळते तो देवबागचा संगम. पलीकडे भोगवे, त्यापुढे निवती. कयाक घेऊन संगमाच्या आतल्या अंगाने फिरलो. तोंडावर नदीची ओढ आणि समुद्राची लाट भिडतात, तिथे वाटाड्याने जाऊ दिलं नाही. वाळूच्या दांड्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, मॅगी आणि मोठ्या आवाजातली गाणी. आम्ही थांबलो नाही. निवतीकडे होडीतून जाताना डॉल्फिनच्या पाठी दिसल्या. सुनेने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

दंड दुखत होते, नाकाचं कातडं सोललं होतं. बांगडा आणि सोलकढीने त्यातलं निम्मं दुखणं गेलं.

आपल्याकडून जाणाऱ्या वाचकांसाठी थोडं: नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी सर्वांत नितळ असतं. २६ मे ते ३१ ऑगस्ट सागरी पर्यटन बंद असतं; त्या काळात कुणी स्वस्तात नेतो म्हणाला तर त्याच्या होडीत बसू नका. जॅकेटचा पट्टा जो स्वतः ओढून बघेल त्याच्याबरोबरच जा. पाण्यात पाय टेकायचाच झाला तर वाळूवर टेका, प्रवाळावर नको, आणि बिस्किटं घरी ठेवा.

पुढच्या लेखांकात विजयदुर्ग. तिथेही पाण्याखाली एक भिंत आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अभ्यासलेली. पण ती निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी बांधलेली आहे.