कासव घरी, माणसं गावाला

एप्रिलचा शेवट आला की पुण्यातल्या सोसायट्या रिकाम्या व्हायला लागतात. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, कोकणात जायची तिकिटं कधीचीच काढून ठेवलेली असतात, आणि निघायच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी लक्षात येतं की कासवाचं काय करायचं ते ठरलंच नाही. कुत्र्याची सोय महिनाभर आधी लागलेली असते. मांजरासाठी शेजारच्या काकूंना सांगून ठेवलेलं असतं. कासव मात्र शेवटपर्यंत कुणाच्या हिशेबात नसतं. आमच्या इमारतीत अशा वेळी किल्ली माझ्याकडे येते आणि तिच्याबरोबर एक वाक्यही येतं, ‘‘त्याला काही लागत नाही हो. एकाआड एक दिवस चार दाणे टाका, बास.’’

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याची भीती वाटते. सरपटणारे प्राणी अंगातली ऊब टिकवण्यासाठी अन्न जाळत नाहीत, त्यामुळे त्यांची भूक आपल्याला नवल वाटावं इतकी कमी असते. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन हा छोटा अजगर हल्ली पुण्या-मुंबईतही पाळला जातो. पूर्ण वाढलेला असेल तर तो कित्येक आठवडे खाल्ल्यावाचून राहतो. धडधाकट, मोठं कासव आठवडाभर उपाशी राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. रिओ दी जानेरोतल्या एका घरातून 1982 मध्ये हरवलेलं कासव 2013 मध्ये त्याच घराच्या अडगळीच्या खोलीत जिवंत सापडल्याची बातमी जगभर गाजली होती. वाळवी खाऊन ते तगलं असावं, असा अंदाज तेव्हा बांधला गेला. अशा बातम्या वाचून माणसं निर्धास्त होतात. पण ते कासव काचेच्या टाकीत कोंडलेलं नव्हतं. हिंडायला जागा होती आणि खायला किडे होते. फ्लॅटमधल्या प्राण्याला यातलं काहीच मिळत नाही.

त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. पचन, हालचाल, आजाराशी झुंजणं, सगळं त्या उबेवर चालतं. घरात ती ऊब दिवा, हीटर आणि थर्मोस्टॅट देतात, आणि पाण्यातल्या कासवाच्या बाबतीत पाणी स्वच्छ ठेवायचं काम फिल्टर करतो. म्हणजे त्याचा जीव दाण्यांपेक्षा प्लगमध्ये जास्त अडकलेला असतो.

आणि नेमकं तेच आपण गावाला जाताना बंद करतो. गॅसचा रेग्युलेटर फिरवला, नळ तपासले, दाराबाहेर पडता पडता मेन स्विच खाली ओढला, की आपल्याकडे घर नीट बंद केल्याचं समाधान मिळतं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि एरवी ती चांगलीच आहे. एका दिवाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबानं असंच केलं. निघताना कासव उपाशी राहू नये म्हणून त्यांनी टाकीत मूठभर दाणे जास्तीचे टाकले होते. मी दार उघडलं तेव्हा आधी वास आला. टाकीजवळ गेल्यावर दिसलं की दाणे फुगून फुटले आहेत, पाण्यावर दुधट तवंग आला आहे, फिल्टरचा स्पंज बुळबुळीत झाला आहे, आणि कासव पाण्यात उतरायचं सोडून दगडावर मान आखडून बसलं आहे. कासवं खातात पाण्यात, मलमूत्रही तिथेच. फिल्टर थांबला की त्यांचं पाणी माशांच्या टाकीपेक्षा कितीतरी लवकर नासतं. तसंच राहिलं तर डोळे सुजतात, कवचाला कूज लागते. त्या दिवशी मेन स्विच वर केला, अर्ध्याहून जास्त पाणी काढून तितक्याच कोमट पाण्यानं टाकी भरली, स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळला. नळाखाली धुतला तर घाण पचवणारे उपयोगी जीवाणूही निघून जातात. कासव संध्याकाळी पाण्यात उतरलं.

खाऊ जास्त टाकून जाणं हे प्रेमापोटी केलेलं सगळ्यात घातक काम आहे, असं माझं मत झालं आहे. त्यापेक्षा चार दिवस काहीच न टाकलेलं परवडलं.

हे कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतलं. फिश टँकच्या दुकानात ते रुपयाएवढं मिळतं आणि मादी असेल तर वाढून फूटभराच्या आसपास जाते. तिला साधारण 24 ते 28 अंशांचं पाणी लागतं आणि अंग सुकवायला त्याहून गरम, कोरडी जागा. मुंबईत हवा त्या मानानं सरळ वागते. पुण्यात तसं नाही. डिसेंबरच्या पहाटे पारा 10 अंशांपर्यंत आणि कधी त्याखालीही उतरतो. तेव्हा हीटर बंद पडला तर कासव सुस्तावतं, शिंकायला लागतं, पाण्यात एका अंगावर कलंडून तरंगतं. तसं तरंगणं हे न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं, ती गंमत नव्हे. मे महिन्यात उलटं होतं. पश्चिमेकडची भिंत, बंद खिडक्या, बाहेर चाळिशीला टेकलेला पारा, आणि वर टायमरवर लावलेला गरम दिवा! छोट्या टाकीतलं पाणी दुपारपर्यंत हाताला गरम लागतं आणि प्राण्याला पळायला जागा नसते. म्हणून ‘नेहमीसारखंच चालू ठेवा’ या सूचनेचा काही उपयोग नाही. टाकीत थर्मामीटर असावा आणि किती आकड्याला कुठलं बटण दाबायचं ते लिहून ठेवलेलं असावं.

अशी लेखी सूचना मला पहिल्यांदा दिली ती तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं. त्याच्याकडे बॉल पायथन आहे. सुट्टीत तो लातूरला घरी जातो. जायच्या आठवडाभर आधी तो अजगराला खायला देणं थांबवतो. पोट भरलेलं असताना ऊब गेली तर खाल्लेलं पचत नाही आणि साप ते ओकून टाकतो, हे त्याला पक्कं माहीत आहे. पेटीचा एक कोपरा 32 अंशांच्या आसपास आणि दुसरा पाच-सहा अंशांनी थंड, ही मांडणी थर्मोस्टॅट सांभाळतो. तापमान मोजणारी त्याची वायर जागेवरून सरकली तर यंत्राला सगळं थंडच वाटतं, आणि खालची गादी तापत राहते. साप वरून आरामात पडलेला दिसतो आणि पोटाला भाजत असतो. म्हणून त्यानं ती वायर चिकटवून टाकली आहे आणि रोज फक्त दोन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत: आकडा, आणि पाण्याचं भांडं. झाकणाच्या चारही क्लिपा लावल्यात का, हे मी आपणहून बघते. बोटभर फटीतून साप निसटतो आणि मग तो वॉशिंग मशीनमागेही सापडू शकतो. त्याच्याकडे झाडूपोछा करणाऱ्या मावशींना आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. आता त्या खोलीला सुट्टीत कुलूप असतं. मावशींना घाबरवणं बरोबर नाही आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती साप पडणंही बरोबर नाही.

लाईट जाते तेव्हा सोसायटीचा जनरेटर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे चालवतो, घरातलं काही नाही. उन्हाळ्यात काही तास वीज नसली तरी अजगराला फरक पडत नाही. थंडीत मी पेटीवर घोंगडी टाकते, हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवून.

कासवाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे आणि टाकीची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न्यायची नाहीत, एवढं मुलांच्या हाती काम सोपवताना सांगावंच लागतं. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो. लहान मुलं त्यानं आजारी पडायला लागली म्हणून अमेरिकेनं 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी घातली.

सोय लागत नाही तेव्हा काही जण जे करतात ते बघून मात्र जीव तुटतो. लांबच्या प्रवासाला निघताना किंवा बदली झाल्यावर कासव तलावात, नदीत, देवळाच्या कुंडात सोडून येतात आणि त्याला स्वातंत्र्य दिल्याचं पुण्य लागेल असं मानतात. जगातल्या 100 सर्वाधिक उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत स्लायडरचं नाव आहे. युरोपीय संघानं 1997 मध्ये त्याची आयात थांबवली. आपल्या पाण्यातल्या कासवांची उन्हाची जागा आणि खाणं ते बळकावतं. हौस आपली, आणि किंमत नदीतल्या कासवांनी मोजायची, हे मला मान्य नाही.

काही घरांत तारांकित पाठीचं भारतीय कासवही शुभ म्हणून ठेवलेलं असतं. ते पाळणंच कायद्यानं गुन्हा आहे. त्याची किल्ली मी घेत नाही, वनविभागाचा रस्ता दाखवते. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांचं वेगळं आहे. 2024 च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि त्या मुलाच्या फाईलमध्ये तो कागद असतो.

त्याच फाईलमध्ये गेल्या हिवाळ्यात एक नवा कागद आला. तो हिमाचलात ट्रेकला चालला होता, तिथे फोन लागणार नव्हता. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर शहरात थोडेच. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात ते होत नाही. त्यानं डॉक्टरांचा पत्ता दिला, उपचाराला लागतील म्हणून पैसे माझ्याकडे ठेवले, आणि खाली लिहून सही केली की आपल्याशी बोलणं झालं नाही तर निर्णय काकूंनी घ्यावा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तो कागद मागून नेला आणि कासवासाठी तसाच करून आणला. मेन स्विच चालू ठेवल्याचं त्यावर त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.