टेबलावरची शेकोटी

आदिलाबादला थंडी पडते हे कॉलेजातल्या मित्रांना पटतच नाही. तेलंगण म्हटलं की त्यांना हैदराबाद आठवतं, नाहीतर ऊन. पण पैनगंगेच्या आमच्या बाजूला डिसेंबरात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि गल्लोगल्ली पऱ्हाट्यांच्या शेकोट्या पेटतात. कापसाच्या मुलखात सरपणाला काय तोटा!

आईला दमा आहे, धूर सोसत नाही. म्हणून गेल्या नाताळाच्या सुट्टीत मी ऑनलाइन ‘बिनधुराची शेकोटी’ मागवली. सिमेंटची छोटी कुंडी, तिच्यात स्टीलची वाटी, वर पांढरे खडे. वाटीत स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. रीलमध्ये फार सुंदर दिसायचं ते.

26 डिसेंबरच्या रात्री गव्हाणीशेजारच्या टेबलावर ती पेटवली. अर्ध्या तासाने ज्योत दिसेनाशी झाली. ‘‘विझली वाटतं,’’ आई म्हणाली. मी बाटली तिरपी केली. भप्पकन आवाज झाला आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा फवारा समोर बसलेल्या आईच्या उजव्या हातावर गेला. शालीनेही पेट घेतला. बाबांनी घोंगडी टाकून ती विझवली. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या, पण बाबांनी कोणाला काही लावू दिलं नाही. वीस मिनिटं आईचा हात नळाखाली धरून ठेवला आणि मग दवाखाना गाठला. पुढे मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागली. तिची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत.

पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही, हे माझ्या आजीला पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं. पण माझ्या लेखी ती शेकोटी पेटलेली नव्हतीच. स्पिरिटची ज्योत निळसर आणि इतकी फिकी असते की उजेडात नजरेला लागत नाही. शिवाय पेट घेण्याइतकी वाफ धरायला रॉकेलला साधारण 38 अंश तापावं लागतं, इथेनॉलला 13-14 अंश पुरतात. म्हणजे आमच्या थंडीतसुद्धा बाटलीचा रिकामा भाग वाफेने भरलेला असतो. ज्योत त्या वाफेतून आत शिरते आणि उरलेलं स्पिरिट पेटवून बाहेर फेकते. हे सगळं मी दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. तिथेच कळलं, की अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने डिसेंबर 2024 मध्येच अशी भांडी वापरू नका म्हणून इशारा दिला होता. 2019 पासून दोन मृत्यू आणि निदान साठ जखमी, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही ऑर्डर दिली ती त्यानंतर.

पापनिवेदनात मी हे सांगितलं. फादर थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी विचारलं, ‘‘खोक्यावर काय लिहिलं होतं?’’

खोक्यावर काहीच नव्हतं. ना बनवणाऱ्याचं नाव, ना भांडं पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा भरू नका अशी एखादी ओळ. मी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. नियमाप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. उत्तर आलं: भांड्याचे पैसे परत देऊ.

‘‘जाऊ दे गं,’’ आई म्हणाली. ‘‘ओतलंस तर तूच. कोणाच्या नावाने तक्रार करणार?’’ ती रागावून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मी साहित्याची विद्यार्थिनी, पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मात्र कादंबरीसारखा वाचून काढला. कलम 84 म्हणतं, वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसेल तर उत्पादक जबाबदार. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर कलम 86 प्रमाणे विक्रेत्याला धरता येतं. वस्तू मी घेतली आणि भाजली आई, तरी खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच ठरतो. खरी अडचण कलम 87 ची. सर्वांना माहीत असलेल्या धोक्याचा इशारा दिला नाही म्हणून दोष लावता येत नाही, आणि वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेता सुटतो. आग भाजते हे कोणाला माहीत नाही? ते हेच म्हणणार. पण न दिसणारी ज्योत बाटलीत शिरते, हे किती घरांत माहीत असेल? आमचं प्रकरण या एका प्रश्नावर उभं राहील किंवा पडेल. आणि बाटली कोणाच्या हातात होती, हे तिथेही मला खरंच सांगावं लागेल.

मुदत दोन वर्षांची आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे हैदराबादला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. कुंडी, अर्धी वितळलेली बाटली, खोकं, बिल आणि दवाखान्याचे कागद बाबांनी एका पिशवीत घालून कपाटावर ठेवलेत. मी ते फेकायला निघाले होते. बरं झालं, त्यांनी अडवलं.

परवा अर्ज लिहून झाला. आईला वाचून दाखवला. ‘माझ्या मुलीने स्पिरिट ओतले’ या वाक्यावर तिने मला थांबवलं आणि ते काढ म्हणाली. मी नाही काढलं. मग तिने पेन मागितलं. तिची बँकेतली सही उजव्या हाताची, आणि तो हात अजून नीट चालत नाही. सध्या रोज संध्याकाळी माझ्या जुन्या वहीत ती सही गिरवत बसते.