करडईचे काटे, करडईची फुले

मराठीतील वाङ्मयीन चर्चेत अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्रे, हा विषय क्वचितच येतो. आलाच तर तो 'कार्टून' या शब्दाचा हात धरून येतो आणि त्या शब्दापाठोपाठ समोरच्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार स्मितही येते. गेली तीसएक वर्षे मी ही चित्रे पाहत आलो आहे, त्यामुळे त्या स्मिताची सवय झाली आहे. इतक्या काळानंतर आवडत्या कृतींची यादी देणे काही अवघड नाही. त्याच का टिकल्या आणि बाकीच्या का गळून पडल्या, याचा उलगडा करणे अवघड आहे. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न आहे.

माझ्या पिढीच्या बहुतेकांची सुरुवात १९९३ साली झाली. त्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' ही मालिका लागत असे आणि पारनेरसारख्या तालुक्याच्या गावातही त्या वेळी रस्त्यावर पोर दिसत नसे. ही मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९-९० मध्ये काढलेली बावन्न भागांची मालिका आहे, हे आम्हांला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखानाच्या तोंडून तर साक्षात नाना पाटेकर गुरगुरत होते. आमच्या लेखी मोगली हा इथलाच. किपलिंगने मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या रानात घडवलेली गोष्ट इंग्रजीतून जपानीत गेली, जपानीतून हिंदीत आली आणि हिंदीतून पारनेरच्या पोरांच्या मराठी खेळांत शिरली. एखादी कलाकृती 'परकी' आहे असे म्हणताना आपण तिच्या प्रवासातला नेमका कोणता थांबा धरतो, हा प्रश्न मला पुढे अनेकदा पडला. त्याचे मूळ त्या रविवारांत आहे.

पुढे जुलै २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स ही वाहिनी भारतात सुरू झाली. नंतर काही वर्षांनी ती बंदही पडली. त्याआधी आणि त्या काळात जे मिळेल ते मी पाहिले. 'ड्रॅगन बॉल झी' पाहिली, 'नारुतो' पाहिली. त्यांनी मला वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु या मालिकांच्या रचनेत एक अट असते. प्रत्येक शत्रू मागच्यापेक्षा बलवान असावा लागतो आणि प्रत्येक विजय पुढच्या लढाईची पायरी व्हावा लागतो. अशा जगात कुणी भांडी घासत नाही, कुणी पेरणीची वाट पाहत नाही. घासले वा पाहिलेच तर ते विनोदापुरते. वय वाढले तसे मला या उणिवेचे भान येत गेले. 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' (१९९५) बद्दल मला आदर आहे, पण ती पुन्हा पाहावीशी वाटत नाही. सातोशी कोन यांचा 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस' (२००१) मात्र मी दर दोनतीन वर्षांनी पाहतो. एका वृद्ध नटीच्या आठवणी आणि तिच्या भूमिका यांची सरमिसळ त्यात अशी होते की शेवटी दोन्ही वेगळ्या करण्याची इच्छाच उरत नाही. कोन २०१० मध्ये अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांची न झालेली चित्रे ही माझ्या लेखी एक खरीखुरी हानी आहे.

तरीही माझ्या यादीचा गाभा वेगळा आहे. हायाओ मियाझाकींच्या 'माय नेबर तोतोरो' (१९८८) मधला बसथांब्याचा प्रसंग पाहा. दोन बहिणी पावसात छत्री घेऊन वडिलांची वाट पाहत उभ्या आहेत. धाकटी पेंगू लागते, थोरली तिला पाठीवर घेते. पाऊस पडत राहतो. तोतोरो येतो तो यानंतर. आणि तो येईपर्यंत चित्रकर्त्याला घाई नसते. फाट्यावर एसटीची वाट पाहत ज्याचे बालपण गेले त्याला हा काळ ओळखू येतो. वाट पाहणे हीदेखील एक घटना आहे, हे मला या प्रसंगाने दाखवले. सुनाओ काताबुची यांच्या 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' (२०१६) मध्ये कुरे या बंदराच्या गावी सासरी आलेली सुझू युद्धकाळच्या टंचाईत रानभाज्या गोळा करून स्वयंपाक करते. चिमूटभर तांदळाचा भात फुगवून अधिक कसा दिसेल, याचे प्रयोग करते. हिरोशिमा जवळच आहे आणि दिनदर्शिका १९४५ कडे सरकते आहे, हे आपल्याला माहीत असते, तिला नसते. त्यामुळे तिच्या प्रत्येक साध्या कामाला प्रेक्षकाच्या मनात वजन येते. 'मुशिशी' (२००५-०६) या मालिकेचा नायक गिन्को डोंगरगावांतून फिरतो, लोकांची विचित्र दुखणी पाहतो, जमेल तो उपाय करतो आणि पुढे निघतो. कोणी जिंकत नाही.

या पसंतीला कुणी उसनी अभिरुची म्हणेल. त्यावर एवढेच म्हणतो की शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला आणि तो मराठी कवितेने आपलासा केला. थोडक्यात पाहणे आणि पाहून थांबणे ही जपानी रीत आपल्या भाषेने आधीच ओळखली होती. हलत्या चित्रांतून आलेली तीच रीत आपल्याला अजून उंबऱ्यावर उभी दिसते, इतकेच.

आता यादीतल्या पहिल्या क्रमांकाकडे येतो. इसाओ ताकाहाता यांचा 'ओमोहिदे पोरो पोरो' हा १९९१ चा चित्रपट 'ओन्ली यस्टरडे' या इंग्रजी नावाने अधिक परिचित आहे. ताएको ही टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची अविवाहित तरुणी १९८२ साली सुट्टी काढून यामागाता प्रांतात शेतावर कामाला जाते. वाटेत तिला १९६६ सालची, पाचवीतली ताएको सोबत करते. मूळ चित्रकथेत केवळ ते बालपण होते. मोठ्या ताएकोचा खेड्याचा प्रवास ताकाहातांनी जोडला. बालपणाची दृश्ये फिकट जलरंगांत आहेत आणि त्यांच्या कडा पांढऱ्यात विरून जातात. वर्तमानातली दृश्ये मात्र पानन् पान रेखलेली आहेत. कथा म्हणाल तर फार नाही. घरात पहिल्यांदा आणलेले अननस कसे कापायचे हे कुणाला कळत नाही. कापल्यावर ते कोणाला रुचत नाही आणि ताएको एकटी चिवटपणे खात राहते. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे तिच्या डोक्यात शिरत नाही. अशा प्रसंगांतून एक आयुष्य उभे राहते.

ताएको ज्या पिकाच्या तोडणीला जाते, त्याला जपानीत 'बेनिबाना' म्हणतात. पहिल्यांदा चित्रपट पाहताना मी पडद्याजवळ सरकलो होतो, कारण ती करडई होती. आमच्या पर्जन्यछायेच्या तालुक्यात ज्वारीच्या कडेने जिचे तास घालतात, गुरे आत शिरू नयेत म्हणून जिच्या काट्यांचा भरवसा धरतात, जिची कोवळी पाने भाजीला आणि दाणे घाण्याला जातात, ती करडई. यामागातात तिचे तेल दुय्यम. तिथे फुले महत्त्वाची. फुले धुतात, तुडवतात, आंबवतात, त्यांच्या वड्या करतात आणि त्यांतून लाल रंग काढतात. पूर्वी तो रंग क्योतोला जाऊन रेशमावर आणि श्रीमंत स्त्रियांच्या ओठांवर चढत असे. फुले तोडणाऱ्या मुलींची बोटे काट्यांनी रक्ताळत आणि त्यांच्या ओठांना मात्र तो रंग आयुष्यात एकदाही लागत नसे, हे ताएकोच सांगते. चित्रपटात तोडणी पहाटे होते, कारण दवाने काटे मऊ पडलेले असतात. आमच्याकडेही करडईची काढणी सकाळच्या दवातच उरकतात, हातापायांना फडकी गुंडाळून. दोन देशांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना न विचारता हे एकच ज्ञान मिळवले आहे. त्याचे कारण काटा. त्याला देश नसतो.

अर्थात केवळ ओळखीच्या पिकामुळे एखादी कलाकृती प्रथम क्रमांकाची ठरत नाही. या चित्रपटात तोशिओ हा तरुण शेतकरी ताएकोला एक गोष्ट समजावतो. शहरातले लोक ज्या रानाला, ओढ्याला, शेताला 'निसर्ग' म्हणून न्याहाळतात, ते सारे पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी निसर्गाशी झटत, त्याच्याशी जुळवून घेत घडवलेले आहे. आपल्याकडे या म्हणण्याला पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. १९७५ नंतर राळेगणसिद्धीत नालाबांध, समतल चर आणि झाडे यांतून जे हिरवेपण उभे राहिले ते याच तालुक्यातले. ते पाहायला येणारा पाहुणा 'किती छान निसर्ग आहे' असे म्हणतो, तेव्हा तो ताएकोसारखाच बोलत असतो.

ताएको प्रामाणिक आहे, कामाला मागे हटत नाही, आणि खेड्यावर तिचे प्रेम आहे. एके रात्री घरातली आजी तिला सरळ विचारते, की तोशिओशी लग्न करून तू इथेच का राहत नाहीस? ताएको बाहेर पळते. दहा दिवसांच्या सुट्टीवर बेतलेले आपले प्रेम तिला एकाएकी उघडे पडल्यासारखे वाटते. तिला वर्गातला आबे आठवतो, तो गरीब, मळका मुलगा. बाकीची मुले त्याची उघड हेटाळणी करत; ती तशी करत नसे, पण मनातून सर्वांत जास्त किळस तिलाच होती आणि ते त्याने ओळखले होते, असे तिला वाटत आले आहे. प्रेक्षकाच्या गावप्रेमाला इतक्या मृदुपणे कोंडीत पकडणारी दुसरी कृती मला ठाऊक नाही.

हा प्रसंग मला इतका का भिडतो, हे सांगताना थोडे व्यक्तिगत होणे भाग आहे. पारनेर हा मुंबईला माणसे पुरवणारा तालुका आहे. आमच्या घरातून मी गेलो. शेत धाकटा चुलतभाऊ पाहतो. दोन वर्षांपूर्वी जमीन विकायची की ठेवायची, असा प्रश्न घरात निघाला. मी अर्थातच ठेवण्याच्या बाजूने होतो आणि बांधाच्या कडेची करडई फुलावर असताना किती सुंदर दिसते, असे काहीसे बोललो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुला फुलं दिसत्यात. मला काढायची असती म्हणून काटं दिसत्यात. तू येऊन राहणार असशील तर ठेवू." त्यात राग नव्हता. आजीचाच प्रश्न होता तो, फक्त नगरी बोलीत.

आपल्या ग्रामीण साहित्याशी हा प्रश्न जवळून निगडित आहे. 'बनगरवाडी' (१९५५) मधला मास्तर बाहेरून येतो, राहतो आणि शेवटी जातो. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) मधला नारबा आतला आहे, पण यंत्रे आल्यावर त्याचेच जग हातातून सुटते. गाव लिहिणारा बहुधा गाव सोडलेला असतो, आणि गावाला धरून राहिलेल्याला लिहायला सवड नसते. ताकाहातांनी ही फट बुजवलेली नाही. तिच्यावर बोट ठेवून तिला चित्रपटाच्या मध्यभागी आणले आहे. त्यांच्याच 'पोम पोको' (१९९४) मध्ये टोकियोलगतच्या तामा टेकड्यांवर नवे शहर उभे राहू लागते, तेव्हा तिथले तानुकी नावाचे प्राणी रूपे पालटून भुताखेतांची अद्भुत मिरवणूक काढतात आणि माणसे तिला करमणूक समजून टाळ्या वाजवतात. हे पाहताना पारनेरात जन्मलेले सेनापती बापट आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९२१ पासून त्यांनी मुळशीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांसाठी लढा दिला, धरण झालेच. आज याच तालुक्यात सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी क्षेत्र राखले आहे. करडई आणि जपान यांची गाठ माझ्या मनात पडद्यावर पडली होती. जमिनीवर ती वेगळ्याच रीतीने पडते आहे. तिथल्या कारखान्यांत आमच्या गावच्या मुलांना काम मिळते आणि ती मुंबईला जायची थांबतात, हेही खरे आहे. ताकाहातांचा चाहता म्हणून यातले एकच सत्य निवडण्याची मुभा मला नाही, असे मला वाटते.

दरम्यान करडईचे क्षेत्र महाराष्ट्रात घटत गेले आहे, आणि काटे हे त्याचे एक कारण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाणही काढले. चुलतभावाला त्याबद्दल सांगितले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, तो गुरांचा: मग ज्वारी कोण राखणार?

'ओन्ली यस्टरडे'च्या शेवटाबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. ताएको टोकियोच्या गाडीत बसते आणि चित्रपट संपतो. श्रेयनामावली सुरू झाल्यावर, प्रेक्षक उठू लागण्याच्या वेळी, पाचवीतली मुले तिच्याभोवती गोळा होतात. ती पुढच्या स्थानकावर उतरते आणि परत फिरते. काहींना ही सोयीची सुखान्तिका वाटते. मला तसे वाटत नाही, कारण तोशिओची मोटार दोघांना घेऊन निघून जाते तेव्हा ती मुले मागेच राहतात आणि जाणाऱ्या गाडीकडे पाहत उभी असतात. त्यांत छोटी ताएकोही असते. कोणताही निर्णय घेतला तरी कुणीतरी मागे राहतेच, हे ताकाहातांनी नावांच्या ओळींखाली, जवळजवळ न सांगितल्यासारखे सांगितले आहे. ते २०१८ च्या एप्रिलमध्ये गेले, तेव्हा मी हाच भाग पुन्हा पाहिला होता. जमीन अद्याप विकलेली नाही. चुलतभावाच्या प्रश्नाला माझ्याकडून अजून उत्तर गेलेले नाही, आणि त्यानेही ते पुन्हा मागितलेले नाही.