कट्ट्याच्या खळ्यातला राखणदार

मालवणहून कसालच्या वाटेने निघालात, की चौक्यापुढे कट्टा लागते. माडा-काजूंच्या झाडीत विखुरलेली घरे. राखणीला कुत्रा हवाच. पण बंधुभगिनींनो, मोठ्या जातीचे दाट केसांचे पिल्लू इथल्या दमट उकाड्यात कष्टी होते. देशावरचा कारवान आखूड केसांचा, पण मुळात पळून शिकार करणारा. राखणीसाठी धीट, शांत आईचे पिल्लू पाहा. ८ आठवड्यांआधी तोडू नका. नुसत्या पेजेवर अंग भरत नाही. काटे काढून मासळी द्या. जंत-गोचिडांवर औषध करा. तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी. सदा साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो, पोरांवर धावतो. त्याला माणसांत वाढवा. रात्री मात्र खळ्यात बांधू नका. बिबट्या आला तर त्याला पळताही येणार नाही. दिवेलागणीला मांगरात घेऊन दार लावा. भुंकणे तिथूनही ऐकू येते.