धावपट्टी संपते तिथून पुढे

कोल्हापुरात विमानतळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न धावपट्टीच्या लांबीचा. 1370 मीटर होती, 1930 झाली, आता 2300 कधी? ही ओढ समजण्यासारखी आहे. उजळाईवाडीचा विमानतळ 5 जानेवारी 1939 रोजी राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाला, मधली कित्येक वर्षं नुसता पडून राहिला, 2018 मध्ये केंद्राच्या 'उडान' योजनेमुळे पुन्हा हालता झाला आणि मार्च 2024 मध्ये त्याला नवी टर्मिनल इमारत मिळाली. मोठं विमान हवं तर लांब धावपट्टी लागणारच. पण विमान धावपट्टी सोडून जाण्याचा धोका मोजायला बसलं की लांबी हा त्यातला एकच आकडा ठरतो. बाकीचे आकडे आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही. ते इथे टिपून ठेवतोय.

*

प्रवासी जेट विमानांसाठी उड्डाणापूर्वीच्या हिशेबाचा नियम असा, की कोरड्या धावपट्टीवर विमान थांबायला जेवढं अंतर लागतं ते उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांत बसलं पाहिजे. धावपट्टी ओली असणार असेल तर वर आणखी 15 टक्के. समजा, एखादं जेट कोरड्यात 1000 मीटरमध्ये थांबतं. नियमाने त्याला 1667 मीटर हवेत, पावसात 1917. कोल्हापूरच्या 1930 मध्ये ते जेमतेम मावतं, 13 मीटर उरतात. विमान, वजन, हवामान बदललं की आकडे बदलतात. एटीआरसारख्या टर्बोप्रॉप विमानांचं गणित निराळं. पण यावरून पावसाची किंमत कळते.

ही राखीव जागा जाते कुठे? विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतं. धावपट्टीच्या तोंडाशी ते दहा फूट जास्त उंच असलं, तरी चाकं जवळपास 60 मीटर पुढे टेकतात. वेग दहा टक्के जास्त असेल तर ब्रेकना 21 टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. शिवाय पाठीमागचा वारा. तिन्ही एकाच वेळी वाट्याला आले तर 40 टक्क्यांची ती चैन वाटणारी शिल्लक डोळ्यांदेखत संपते.

*

7 ऑगस्ट 2020, कोळिकोड. उतरलेलं विमान धावपट्टीच्या टोकाबाहेर गेलं. त्या अपघातात 21 जण गेले, त्यांत विमानाचे कॅप्टन, नागपूरचे दीपक साठेही होते. धावपट्टी 8858 फूट, म्हणजे 2700 मीटर. पाऊस होता, पाठीमागून सुमारे 14 नॉटचा वारा होता, आणि चाकं टेकली ती 4438 फुटांवर. पुढे उरले 4420 फूट. मीटरमध्ये मांडलं तर 1347, कोल्हापूरच्या जुन्या 1370 मीटरच्या धावपट्टीहूनही कमी! लांबीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने ही वजाबाकी एकदा स्वतःच्या हाताने करून बघावी. हा आकडा मी विसरू शकत नाही.

*

आपल्या कोल्हापूरच्या धावपट्टीची दिशा 07/25. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेचा, म्हणजे पूर्वेकडून येऊन 25 क्रमांकाच्या टोकावर उतरलं की तो समोरून मिळतो आणि वेग मोडायला मदत करतो. ही दिशा आपल्याला लाभदायकच आहे.

*

पाण्याची खोली 3 मिलिमीटर. एकावर एक ठेवलेली दोन नाणी एवढी. नोव्हेंबर 2021 पासून जगभर धावपट्टीची स्थिती शून्य ते सहा अशा अंकांत वैमानिकाला कळवतात: कोरडी असेल तर 6, ओली असेल तर 5, आणि पाणी 3 मिलिमीटरच्या वर साचलं की थेट 2. टायरमधली हवा 100 पीएसआय असेल तर साधारण 90 नॉटच्या वर टायर पाण्यावर तरंगू लागतो. तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक नाही आणि वळणही नाही.

यावर उपाय म्हणजे चरे. धावपट्टीवर आडवे, साधारण 6 मिलिमीटर रुंद, तेवढेच खोल, दोन चऱ्यांत 38 मिलिमीटर अंतर. पाणी त्यांतून बाजूला निघून जातं. पण विमानं टेकतात त्या पट्ट्यात टायरचं रबर जळून चिकटतं, चरे बुजतात, आणि तो काळा थर पावसात गुळगुळीत होतो. म्हणून रबर खरवडणं आणि घर्षणाची चाचणी ही कामं पावसाळ्याआधीच उरकायला हवीत. त्यांचं उद्घाटन होत नाही, फोटो येत नाहीत.

*

मुंबईच्या मुख्य धावपट्टीची लांबी तीन किलोमीटरच्याही वर. तरी 1 जुलै 2019 ला स्पाइसजेटचं बोइंग पावसात टोकाबाहेर गेलं. 14 सप्टेंबर 2023 ला विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट बाजूला घसरून मोडलं, आतले आठही जण वाचले. 21 जुलै 2025 ला कोचीहून आलेलं एअर इंडियाचं विमान उतरताना धावपट्टी सोडून बाजूला गेलं. तिन्ही वेळा पाऊस. आणि बाजूला जाणाऱ्या विमानाला लांबीचा काय उपयोग?

*

अमेरिकेत 2008 आणि 2011 मध्ये विमानतळांसाठी जी जोखीम-गणितं तयार झाली, त्यांत तीन प्रश्न आहेत: विमान बाहेर जाण्याची शक्यता किती, गेलं तर किती दूर जाईल, आणि तिथे काय असेल. तिसरा प्रश्न जीव वाचवतो किंवा घेतो.

साओ पाउलोचं काँगोन्यास: धावपट्टी 1940 मीटर, आपल्यापेक्षा अवघी दहा मीटर जास्त. 17 जुलै 2007 ला पाऊस होता, नव्या डांबरावर चरे अजून पाडलेले नव्हते, एका इंजिनाचा लिव्हरही चुकीच्या जागी राहिला होता. विमान रस्ता ओलांडून इमारतीवर आदळलं, 199 मृत्यू. पुढे तिथे टोकांना ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे बसवले, ज्यांत चाकं रुतून विमान थांबतं. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर 1999 मध्ये अशाच ठोकळ्यांनी एक विमान थोपवलं होतं.

दक्षिण कोरियातलं मुआन, 29 डिसेंबर 2024. चाकं न उघडता पोटावर उतरलेलं विमान घसरत गेलं ते अँटेनासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या बांधावर. 181 पैकी 179 गेले.

*

उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं, किंवा दुसऱ्या गावाला वळवलं, की आपल्याकडे प्रवासी चिडतात. वेळ जातो, लग्नकार्य चुकतं, हे खरंच. पण टेकायची जागा निसटते आहे हे ओळखून वर जाणारा वैमानिक त्या क्षणी सगळ्यांत चांगलं काम करत असतो. त्याबद्दल त्याला शिक्षा होऊ नये, असं विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचं धोरण आहे. प्रवाशांचंही तेच असावं.

*

धावपट्टीच्या टोकापुढे 60 मीटरची पट्टी, आणि तिच्याही पुढे सुरक्षा क्षेत्र: किमान 90 मीटर, शिफारस 240 ची. कोल्हापूरच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, नेर्ली-तामगाव रस्त्याचा प्रश्न झाला. ज्यांनी एवढं दिलं त्यांना लांबीच्या आकड्याबरोबर आणखी काही विचारायचा हक्क आहे. दोन्ही टोकांना पूर्ण 240 मीटर मोकळे आहेत का? त्यांत आणि त्यांच्या लगेच पुढे नाला, भिंत, काँक्रीटचा पाया काही आहे का? दिव्यांचे, अँटेनाचे खांब धडकेत मोडून पडतील असे आहेत ना? घर्षणाची शेवटची चाचणी कोणत्या महिन्यात झाली, आणि तिचा आकडा कुठे बघायला मिळेल?