वजन खरे सांगावे

वाचकहो, साठी उलटलेल्या निवृत्त शिक्षकाने आरोग्याच्या पाक्षिकात मोटारसायकलच्या स्प्रिंगविषयी लिहावे, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु गेल्या वर्षी माझ्या घरात मणक्याचे जे दुखणे आले, त्याची वाट गॅरेजमधून गेली होती. आपल्या घरी ते येऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहतो. यंत्रमागांची खडखड, गोदामांकडे निघालेले कंटेनर आणि पावसाळ्यात रस्त्याला पडणारे खड्डे हे आमचे नित्याचे शेजारी. माझी नोकरी तालुक्यातील एका पाड्यावरच्या प्राथमिक शाळेत होती आणि शेवटचे तीन किलोमीटर कच्ची वाट होती. २०११ साली हीरो मोटोकॉर्पने ‘इम्पल्स’ ही १५० सीसी वर्गातील उंच, मातीच्या रस्त्यालाही चालणारी मोटारसायकल आणली. पुढच्याच वर्षी मी ती घेतली. तेव्हा माझे वजन ६८ किलो होते. गाडीने आणि मी एकमेकांना उत्तम साथ दिली.

निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरू लागले, चालणे सुटले आणि वजन ९४ किलोंवर गेले. गाडी तीच, स्प्रिंगही तीच. मात्र तिच्यावर सिमेंटच्या अर्ध्या गोणीहून थोडे अधिक ओझे कायमचे येऊन बसले होते. खड्ड्यात मागचा शॉकअप तळाला टेके आणि ‘ठक्’ असा आवाज येई. वळणावर गाडी डुलत असे.

ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. आम्ही सारे त्याला उस्ताद म्हणतो. त्याने विचारले, “गुरुजी, वजन किती?” दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती, त्यांतील एक माझा जुना विद्यार्थी. मी म्हणालो, “ऐंशीच्या आसपास.”

ऐंशीच आहे म्हटल्यावर त्याने नवी स्प्रिंग सुचवली नाही. होती तीच आणखी दाबून घट्ट बसवली. गाडीची मागची बाजू वर आली आणि मी समाधानाने घरी परतलो.

आठच दिवसांनी सौ.ला मागे बसवून वऱ्हाळा देवीच्या तलावाकडे निघालो होतो. एक गतिरोधक संध्याकाळच्या उजेडात उशिरा दिसला. मागचे चाक त्यावरून उतरताना तोच ‘ठक्’ आवाज आला आणि पाठोपाठ तिचा शब्द ऐकू आला, “अहो, थांबा.” ती पडली नव्हती, गाडीही पडली नव्हती. तरी तिला सरळ उभे राहता येईना. क्ष-किरण तपासणीत कमरेच्या वरचा एक मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसला.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता झपाट्याने कमी होते. यालाच अस्थिविरलता म्हणतात. हाड आतून पोकळ होत जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. असा मणका मोठ्या अपघाताविना, केवळ एका उभ्या हादऱ्याने दबू शकतो. दुचाकीवर मागे बसणारी व्यक्ती जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेली असते, शिवाय पुढचा खड्डा तिला दिसत नाही. चालवणारा पायांवर भार घेऊन किंचित उठू शकतो. मागची व्यक्ती बेसावध असते. म्हणून सर्वांत मोठा हादरा तिच्याच कण्याला बसतो.

त्या रात्री मला माझी ‘ऐंशी’ आठवली. वजन खरे सांगितले असते तर मणका वाचला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. हाड तर आधीच ठिसूळ झाले होते. पण माझा वाटा मला टाळता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी उस्तादाकडे जाऊन मी खरे ते सांगितले. तो रागावला नाही. म्हणाला, “गुरुजी, इथे सगळेच कमी सांगतात. म्हणून मी पाच किलो मनात वाढवून घेतो. तुम्ही चौदा चोरलेत!”

मग त्याने मला जे शिकवले, ते आपणांस सांगतो. समजा, एक स्प्रिंग १० किलोंना १० मिलिमीटर दबते. तिला आधीच १० मिलिमीटर दाबून बसवले, तर पहिल्या १० किलोंना ती हलणार नाही. परंतु पुढच्या प्रत्येक १० किलोंना पुन्हा १० मिलिमीटरच दबेल. म्हणजे आवळल्याने गाडी उंच दिसते, स्प्रिंग मात्र कणखर होत नाही. कणखरपणा तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि त्यांच्या व्यासावर ठरतो. त्यात जाडीचा वाटा फार मोठा: बाकी सारे तेच ठेवून तार एकदशांशाने जाड घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कणखर होते.

या वेळी मी भंगारवाल्याच्या काट्यावर हेल्मेट, बूट आणि पिशवीसह उभा राहिलो. काटा ९९ वर थांबला. ते मॉडेल आता बनत नाही, म्हणून स्प्रिंगा वळून देणाऱ्या कारखान्यातून जाड तारेची स्प्रिंग करून घेतली. उस्तादाने शॉकअपची दुरुस्तीही करून घेतली. कारण कणखर स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते आणि आतले तेल थकलेले असेल, तर ती उसळी आवरली जात नाही. हादऱ्याच्या जागी उसळ्या मिळतात. पुढच्या फोर्कचे तेल आणि सीलही बदलले, नाहीतर गाडी मागे ताठ व पुढे मऊ झाली असती.

शेवटी मोजमाप केले. मागचे चाक अधांतरी ठेवून चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घेतले. मग मी सर्व साहित्यासह बसल्यावर तेच अंतर पुन्हा घेतले. दोहोंतील फरक म्हणजे गाडी माझ्या भाराने किती खचते ते. चाकाच्या एकूण हालचालीच्या सुमारे तिसरा हिस्सा खचली, तर ठीक. तेवढे साधण्यासाठी स्प्रिंग फारच आवळावी लागली आणि रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने मुळीच खचेनाशी झाली, तर समजावे की स्प्रिंग अजून मऊ आहे. ही मापे घरी घेता येतात. स्प्रिंग मात्र घरी कधीही सोडवू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

आता ‘ठक्’ येत नाही, वळणावर गाडी डुलत नाही आणि माझी कंबरही संध्याकाळी कमी दुखते. तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. स्प्रिंग बदलल्याने गाडीची चौकट, ब्रेक आणि टायर यांची भार पेलण्याची मर्यादा वाढत नाही. आणि कितीही चांगली स्प्रिंग ठिसूळ मणक्याला अभय देत नाही. सौ. आता माझ्या मागे बसत नाही. आम्ही तलावाकडे एकत्र जातो ते रिक्षाने, चालकाला “सावकाश घ्या, दादा” असे सांगून. प्रारंभी हे मला अपमानासारखे वाटले. एकदा तीच म्हणाली, “रिक्षात निदान तुमचं बोलणं ऐकू तरी येतं.”

वाचकहो, आपल्या घरी आई, सासूबाई किंवा पत्नी दुचाकीवर मागे बसत असतील, तर एवढे करावे. पन्नाशीनंतर डॉक्टरांना हाडांच्या घनतेविषयी, डेक्सा तपासणीची गरज आहे का, हे विचारावे. उंची कमी होत असेल, पाठ वाकत असेल, किंवा हादऱ्यानंतर उठल्यावर वाढणारी व पडल्यावर कमी होणारी पाठदुखी सुरू झाली, तर मलम चोळत बसू नये, तपासणी करावी. पाय बधिर किंवा दुबळे झाले, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. आणि गाडी कोणत्या भारासाठी बसवली आहे, हे मेकॅनिकला विचारावे.

डॉक्टर असोत वा उस्ताद, दोघेही आपण सांगितलेल्या आकड्यावर विसंबून पुढचे ठरवतात. त्यांच्यापाशी लाजून आपण चार किलो लपवतो, तेव्हा त्यांचा भार दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीवर पडतो.

सौ.चा पट्टा तीन महिन्यांनी सुटला. आता ती रोज सकाळी हळूहळू फेरी मारते आणि मी तिच्यासोबत चालतो. परवा भंगारवाल्याच्या काट्यावर पुन्हा उभा राहिलो. साहित्यासह ९५ भरले. उस्तादाला तसेच सांगितले. त्याने वहीत ९५ लिहिले; मनातले पाच किलो या वेळी वाढवले नाहीत.