टेकडीचं नाव

आमचं गाव इंझोरी, कार्तिक महिना. कापसाची वेचणी चालू आहे, तूर फुलावर आलीय. सोयाबीन मात्र विकून झालं, मिळेल त्या भावाला. दोन महिने थांबायची ऐपत किती घरांत असते?

म्हणूनच इटलीतल्या बारोलोचं वाचताना मन अडकलं. नेब्बिओलो या उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाची ही लाल वाईन. किमान 38 महिने मुरल्याशिवाय ती विकायला काढता येत नाही, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. कोवळी असताना ती जिभेला तुरट लागते. चांगल्या वर्षाची बाटली वीस-तीस वर्षं निवत जाते. पूर्वी वेगवेगळ्या उतारांवरची द्राक्षं एकत्र करायची रीत होती. 1961 मध्ये प्रुनोत्तो आणि व्हिएत्ती या घराण्यांनी एकेका टेकडीची वाईन वेगळी ठेवली आणि बाटलीवर त्या जागेचं नाव छापलं. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

आपल्याकडे अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या मळ्यांत सांजोव्हेझे हे इटालियन द्राक्ष रुजलं. तस्कनीचे पिएरो मासी यांनी तिथे ‘सेत्ते’ ही मुरवायची वाईन घडवली. आपल्या उन्हात वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून छाटणी वर्षातून दोनदा करावी लागते.

आमच्या काळ्या मातीत द्राक्ष नकोच. पण भिवापूरच्या मिरचीला, वायगावच्या हळदीला गावाच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं आहे. इंझोरीची तूर मात्र बाजारात पोचली की नुसती तूर होते. तिच्या पोत्यावर गावाचं नाव घालायला आपण सुरुवात करू या.